कॉर्नासच्या उरलेल्या पाच बाटल्या

प्रश्न: फ्रान्सच्या उत्तर ऱ्होनमधल्या कॉर्नासच्या एका नव्या वाईनमेकरचं सध्या फार नाव ऐकतोय, म्हणून त्याच्या २०१९ च्या सहा बाटल्या घेतल्या. परवा एक उघडली तर वास जवळजवळ नाहीच आणि हिरड्या नुसत्या आवळून आल्या. वाईन खराब आहे की मीच घाई केली? बाकीच्या किती वर्षं ठेवू?

उत्तर: खराब नाहीये हो, बहुतेक घाईच झालीय. कॉर्नास म्हणजे शंभर टक्के सिरा (काळ्या द्राक्षाची एक जात), तीही ग्रॅनाइटच्या उभ्या चढावरची, तरुणपणी ती अशीच गाल फुगवून बसते. पुढची उघडाल तेव्हा पहिल्या घोटावर निकाल देऊ नका, डिकँटरमधे (हवा लागावी म्हणून वाईन ओतायचं काचेचं भांडं) ओतून दोन-तीन तास तिकडे बघूच नका, अर्धी वाईन बाटलीतच बूच लावून दुसऱ्या दिवसासाठी ठेवा आणि परत चाखा. मिरी, काळं ऑलिव्ह, जांभळ्या फळांचा वास वर आला आणि तुरटपणा जरा मऊ झाला तर तिच्यात अजून बराच दम आहे. उलट फळ गायब होऊन नुसतं टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) उरलं तर थांबून उपयोग नाही, टॅनिन वयानं मऊ होतं पण नसलेलं फळ कुठून येणार?

आता किती वर्षं. जुन्या घराण्याची वाईन असती तर त्यांचीच १५-२० वर्षांपूर्वीची बाटली चाखून अंदाज बांधला असता, नव्या माणसाकडे तशी बाटलीच नसते, त्यामुळे कोणी छातीठोकपणे "वीस वर्षं आरामात" म्हणालं तर तो प्रेमात पडलाय एवढंच समजायचं (आम्हीही पडतो अधूनमधून). २०१९ उन्हाळी, भरपूर पिकलेलं साल, फळाची तशी काळजी नाही, म्हणून मी दर दोन वर्षांनी एक उघडेन आणि जी बाटली खरंच आवडेल तिथून पुढे बाकीच्या भराभर संपवेन. त्याच्या २०२१ च्या मिळाल्या तर त्या आधी प्या, ते साल थंड होतं, वाईन हलक्या आहेत.

एक मात्र विचारून घ्या, सल्फाइट (वाईन टिकवायला घालतात ते) किती घालतो ते. बरेच नवे लोक फार कमी घालतात आणि अशी वाईन उष्णता अजिबात सोसत नाही. १२-१४ अंश, अंधार, बाटली आडवी, एवढं जमत नसेल तर वर्षं मोजत बसू नका, लवकर पिऊन टाका. आणि त्याचीच सँ-जोसेफ (उत्तर ऱ्होनमधल्याच दुसऱ्या भागाची वाईन) असेल तर तोवर ती उघडा, बहुतेकदा कॉर्नासच्या बऱ्याच आधी तयार होते.