पीएचडी झाली, पोस्टडॉक झाला, मग कायमची नोकरी का नाही?

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात बहुतेक वेळा आईवडिलांच्या तोंडून येतो. या वेळी मुलगी स्वतःच आली होती आणि तिचे शब्द वेगळे होते. "मॅडम, माझ्यात नेमकं काय कमी आहे?" (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ३१, गाव सातारा जिल्ह्यातलं, वडील निवृत्त शिक्षक. विषय सैद्धांतिक भौतिकशास्त्र, त्यातही कृष्णविवरं. पीएचडीनंतर दोन वर्षं युरोपात पोस्टडॉक (पीएचडी झाल्यावरचं, ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम), मग भारतात दुसरा, आणि त्याचंही शेवटचं वर्ष सुरू. झोप उडालेली. पूर्वी सकाळी उठल्यावर आर्काइव्ह या संकेतस्थळावर कोणते नवे शोधनिबंध आले ते ती आवडीने बघायची. आता आधी बघायची ती कोणाची कुठे निवड झाली याची यादी. वर्गमित्राचं नाव दिसलं की त्या दिवशी हातून काही काम होत नसे.

या क्षेत्रात अर्जांचा हंगाम साधारण सप्टेंबरात सुरू होतो आणि उत्तरं डिसेंबर-जानेवारीत येतात. बरीचशी येतही नाहीत. नकाराचं कारण कोणी कळवत नाही. मग ते कारण माणूस स्वतःच तयार करतो, आणि ते नेहमी स्वतःच्या विरुद्ध असतं.

मी तिला कागदावर एक हिशेब मांडायला लावला. समजा एका प्राध्यापकाने तीस वर्षांत दहा जणांना पीएचडीपर्यंत नेलं. तो निवृत्त झाल्यावर जागा रिकामी होते एक. नव्या संस्था निघाल्या तरच या हिशेबात भर पडते. पुणे आणि कोलकात्याच्या आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, २००६ मध्ये सुरू झाल्या, पाठोपाठ इतर ठिकाणच्या आल्या, तेव्हा बऱ्याच तरुण प्राध्यापकांना जागा मिळाल्या. ते अजून बरीच वर्षं त्या जागांवर असणार आहेत. म्हणजे नऊ जणांना दुसरीकडे जावं लागणार हे त्यांच्या बुद्धीवर ठरत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. गणितात मुरलेल्या या मुलीने हा हिशेब स्वतःसाठी कधी केलाच नव्हता. बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण दहावी मीच असायला हवी होते ना?" खरं दुखणं तिथे होतं. शाळेपासून कायम पहिली आलेल्या मुलांचं ते असतंच.

पुढच्या भेटीला मी तिच्या वडिलांना बोलावलं. ते एक फाइल घेऊन आले. आत लेकीचे छापील शोधनिबंध नीट लावलेले. त्यांनी एक काढून माझ्यासमोर धरला आणि हळूच विचारलं, "ताईचं नाव प्रत्येक ठिकाणी शेवटीच का असतं?" ती चमकली. तिच्या शाखेत लेखकांची नावं आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरानुसार छापतात. हिचं आडनाव 'व्ही'वरून. काम कोणी जास्त केलं याचा त्या क्रमाशी काहीच संबंध नसतो. वडिलांना ते कोणी सांगितलंच नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की लेक तिथे सगळ्यात मागे आहे.

हा घोळ घरापुरताच नसतो, म्हणून थोडं विषयांतर करते. आपल्या विद्यापीठांमधल्या भरतीत शोधनिबंधांना गुण देताना पहिल्या लेखकाला जास्त वाटा मिळतो. मुलाखत समितीत या शाखेचं कोणी नसेल तर अशा उमेदवाराचं थेट नुकसान होतं. अर्जात ही प्रथा एका वाक्यात स्पष्ट लिहावी, एवढं तरी आपल्या हातात आहे.

लग्नासाठी केलेल्या बायोडेटात वडिलांनी नोकरीचा रकाना मोकळा ठेवला होता. पोस्टडॉक म्हणजे पगार मिळणारं, मुदतीचं संशोधनाचं काम. भारतात रिसर्च असोसिएट म्हणून हे काम करणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ५८,००० रुपये आणि त्याहून पुढे मिळतात, वर घरभाडं. आकडा ऐकून वडील गप्प झाले. मग म्हणाले, "नारळीकर सर तर किती लवकर..." खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. त्यांनी पुण्यात उभारलेली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, आयुका, उभी राहिली १९८८ मध्ये. महाराष्ट्रातल्या प्रत्येक भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला घरात याच मापाने मोजतात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्यासारखी कारकीर्द एका पिढीत एखाद्याचीच होते.

त्या दिवशी तिघांनी मिळून ठरवलं की अजून दोन हंगाम पूर्ण ताकदीने अर्ज करायचे. त्या काळात घरात नोकरीचा विषय वडील काढणार नाहीत, आणि दर हंगामाच्या शेवटी काय झालं ते ती स्वतःहून सांगेल. निवडींची यादी आठवड्यातून एकदाच बघायची. या विषयातलं नेमकं काय सुटलं तर जीव तळमळेल, तेही लिहून काढायचं. तिने दोन गोष्टी लिहिल्या: फळ्यासमोर उभं राहून समजावून सांगणं आणि वर्षातून काही आठवडे अखंड हिशेब करत बसणं. मोठ्या संस्थेचं नाव त्या यादीत नव्हतं, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

पहिला हंगाम कोरडा गेला. दुसऱ्यात, पोस्टडॉकची मुदत संपण्याआधीच, तिने पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची जागा घेतली. विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांना येऊन राहून संशोधन करता यावं म्हणून आयुकाची व्हिजिटिंग असोसिएटची योजना आहे. त्यासाठी ती अर्ज करणार आहे. आठवड्याला इतके तास असतात की पहिल्या सत्रात संशोधनाला हातही लागला नाही, आणि ते तिला टोचतं. आम्ही अजून भेटतो.

याच वळणावर असलेल्यांना एक सांगते. हंगाम सुरू होण्याआधी आपल्या मार्गदर्शकाला स्पष्ट विचारा, "सर, तुमच्या शिफारसपत्रावर यंदा कोणत्या संस्था माझा अर्ज खरोखर गांभीर्याने वाचतील?" संकोचामुळे हा प्रश्न वर्षानुवर्षं राहून जातो. तिने तो विचारला पहिल्या आणि दुसऱ्या हंगामाच्या मधे. उत्तरात तीनच नावं आली, आणि त्यांतलं एकही तिच्या आधीच्या अर्जांच्या यादीत नव्हतं.