वाचकांचे प्रश्न : जुनी जावा, नवा साज

प्रश्न : वडिलांच्या १९७० सालच्या जावा २५० चा मागचा सांगाडा कापून एकेरी सीट बसवावी का? गाडी अनेक वर्षे बंद आहे.

उत्तर : सांगाडा कापू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, मात्र सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते. इतकी वर्षे उभ्या असलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाला लगेच किक मारू नका. स्पार्क प्लग काढून आत थोडे तेल सोडा, दिवसभर मुरू द्या आणि मगच इंजिन हलक्या हाताने फिरवा. क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सील, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, अवश्य बदला, कारण ती कडक झाली की तेथून हवा शिरते, हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि तापलेला पिस्टन जाम होतो. टाकीतला गंजही काढावा. क्रोमचा मोह (तो आम्हालाही आवरत नाही) शेवटी पुरवावा.