इंग्लंडमधील ट्यूडर काळातील (साधारण सोळाव्या शतकातील) लाकडी मॅनर हाउस, म्हणजे जमीनदारांची घरे, इतकी वाकडी का असतात, आणि ती पाडत का नाहीत?

‘पाडत का नाहीत?’ हा प्रश्न मला पूर्वीही एकदा विचारला गेला आहे, आणि विचारणारे माझे सख्खे काका होते. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी मँचेस्टरला स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे आणि काकांची सारी नोकरी ओव्हरसियर म्हणून झाली. ते माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम चेशायरमधील काँगल्टनजवळच्या लिटल मोर्टन हॉलला नेले. खंदकाने वेढलेले हे घर मोर्टन घराण्याने १५०४च्या सुमारास बांधायला घेतले आणि १६१०च्या आसपासपर्यंत एकेक पिढी त्यात भर घालत राहिली. चौकात शिरताच काकांनी चष्म्याच्या दोरीला आपल्या वाईच्या फ्लॅटची किल्ली बांधली आणि ती दोरी भिंतीच्या आडव्या लाकडाला टेकवून खाली सोडली. दीड हाताच्या त्या ओळंब्यात दोन बोटांचा फरक दिसला. “ओळंब्याबाहेर गेलेली भिंत म्हणजे पडलेली भिंत. हे पाडत का नाहीत रे?” असे ते म्हणाले.

याच वाक्यावर आमचा वाईचा वाडा पाडला गेला होता, म्हणून मी तेथेच वाद घातला. ही घरे भिंतींवर उभी नसतात; ती सांगाड्यावर उभी असतात, आणि दोन लाकडांमधली जागा आपल्या कोकणातल्या कुडासारखी काटक्या विणून वर मातीचा लेप देऊन भरलेली असते. सांगाडा ओक झाडाच्या न वाळलेल्या लाकडाचा करीत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. मग ते लाकूड जागेवरच वर्षानुवर्षे वाळते, आडवे आकसते, पिळते, आणि खाचेत बसवून लाकडी खुंटीने जखडलेले सांधे घर वाकवत वाकवत आणखी घट्ट होतात. अशा घराने थोडे कलणे हे त्याच्या बांधणीतच धरलेले असते. (काळी लाकडे आणि पांढऱ्या भिंती हा त्या घरांचा थाटही बहुतेक ठिकाणी बराच नंतरचा आहे, पूर्वी ओक उघडाच असे आणि ऊन-पावसाने रुपेरी होई.)

लिटल मोर्टन हॉलच्या दक्षिण भागाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तेथे दोष लाकडाचा नसून मालकाच्या हौसेचा आहे. १५६०च्या सुमारास वरच्या मजल्यावर ६८ फूट लांबीची गॅलरी, म्हणजे एक लांबट बंदिस्त दालन, चढवली. तिच्या दोन्ही बाजूंना सलग खिडक्या ठेवल्यामुळे तिरप्या आधारांना जागा उरली नाही, आणि छपरावर वाळूच्या दगडाच्या जड लाद्या घातल्या. त्या वजनाने खालचा सांगाडा अक्षरशः पोक काढून बसला. पुढे त्यात पोलादी सळया घालाव्या लागल्या. गॅलरीतून चालताना जमीन पायाखाली होडीसारखी उतरते आणि चढते. काका तेथे कठड्याला धरून चालले, पण बाहेर येईपर्यंत काही बोलले नाहीत.

न पाडण्याचे खरे कारण तसे साधे आहे. सतराव्या शतकातील यादवी युद्धात राजाची बाजू घेतल्याने मोर्टन घराणे कर्जात बुडाले, घर शेतकरी कुळांना भाड्याने गेले आणि एकोणिसाव्या शतकात तर त्याच्या चॅपेलमध्ये, म्हणजे घरातल्या प्रार्थनागृहात, कोळसा साठवत. नवी फॅशन करायला कोणाकडे पैसाच नव्हता, म्हणून जुने तसेच राहिले. १९३८मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. चौकातील खिडक्यांवर रिचर्ड डेल या सुताराने १५५९ साली कोरलेले स्वतःचे नाव अजूनही वाचता येते. आमच्या वाड्याच्या सुताराचे नाव आम्हांला कोणालाच ठाऊक नाही.

आपण पाहायला जाणार असाल, तर हेच घर पाहा; दगडी बांधणीच पाहायची असल्यास डर्बीशायरमधील हॅडन हॉल आहे. प्रत्येक वाकडे घर सुरक्षित असते, असे मात्र मी म्हणत नाही. कल जुना आणि थांबलेला आहे की अजून वाढतो आहे, हे काही वर्षे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि त्या दिवशी वादाच्या भरात हे मी काकांना सांगितले नाही. वाड्याच्या भिंती मातीच्या जोडाच्या होत्या आणि वाईचा पावसाळा काही चेशायरची रिपरिप नव्हे, हेही मान्य. चोवीस सागवानी खांबांपैकी दोन तळाशी खरोखरच कुजलेले होते. इंग्लंडमध्ये अशा वेळी कुजलेला भाग तेवढा कापून तेथे नवे ओक सांधतात. आमच्याकडे उरलेले बावीस खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने एकेक ठोकून पाहिले आणि एकही न नाकारता ट्रकमध्ये भरून नेले.