वजन उतरलं तरी धडकी भरते

‘ट्रीटमेंट संपून वर्ष होत आलं, रिपोर्टही चांगले आहेत, मग वजन का वाढतंय? आणि कमी करायला गेले तर आजार उलटणार नाही ना?’ स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण केलेल्या बायका हा प्रश्न बहुतेक वेळा निघता निघता विचारतात. जीव वाचवणाऱ्या डॉक्टरांपुढे वजनाचं रडगाणं काय गायचं, असं वाटतं त्यांना. मग तो प्रश्न माझ्या टेबलाशी येतो.

शुभांगीताई (नाव आणि काही तपशील बदललेत) साताऱ्याच्या एका शाळेत शिकवतात. वय 46. ऑपरेशन झालं, किमोच्या आठ सायकल झाल्या, रेडिएशन झालं, आता रोज टॅमॉक्सिफेनची गोळी, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून इस्ट्रोजेन हार्मोनला रोखणारं औषध. आजाराआधी वजन 58 किलो होतं, माझ्याकडे आल्या तेव्हा 67. म्हणाल्या, ‘काटा चढला की रडू येतं आणि एखादा किलो उतरला की धडकी भरते. मी करू तरी काय?’

धडकीचं मूळ माहेरी होतं. त्यांच्या वडिलांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला होता आणि घरच्यांनी त्यांना डोळ्यांदेखत वाळत जाताना पाहिलं होतं. त्यामुळे अंग भरलेलं म्हणजे माणूस बरा आणि गाल बसले की संपलं, हे गणित मनात पक्कं. सासूबाईंचंही तेच. त्या सोबतच आल्या होत्या. मी आहाराचा विषय काढताच त्यांनी मला गप्प केलं, ‘किमोत घोटभर पाणी ठरत नव्हतं हिच्या पोटात. आता कुठं चार घास खायला लागलीये, तर तुम्ही कमी कर म्हणताय?’ रोज सकाळी डिंकाचे दोन लाडू, दुपारी बदाम-काजू, रात्री तूप घातलेला शिरा, असं चाललं होतं. किमोत जे योग्य होतं, तेच पुढे वर्षभर सुरू राहिलं. थांबा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

मी आधी कारणं समजावली. किमोबरोबर उलटी आणि रिॲक्शन होऊ नये म्हणून स्टिरॉइड देतात, त्याने भूक वाढते. किमोमुळे पाळी अचानक थांबते. जो बदल एरवी काही वर्षांत सावकाश होतो तो काही महिन्यांत अंगावर येतो. थकव्यामुळे माणूस पडून राहतो, पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि स्नायू झिजले की अजून थकवा. म्हणजे नऊ किलो वाढले, पण अंगातली ताकद उलट घटली. शुभांगीताईंना जमिनीवर बसून वह्या तपासायची सवय होती. आता उठताना पलंगाची कड धरावी लागायची. त्यांना आरशापेक्षा हेच जास्त लागत होतं, हे मला बऱ्याच उशिरा बोलण्यातून कळलं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट बाहेर आली. मी गोळीबद्दल सहज विचारलं तर त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. महिना संपत आला होता आणि निम्म्या गोळ्या तशाच होत्या. ‘एक दिवसाआड घेते. सगळे म्हणतात याच गोळीनं सुटते बाई.’ सासूबाई चकित होऊन बघत राहिल्या. टॅमॉक्सिफेनने गरम वाफा येतात, घाम फुटतो, झोपमोड होते हे खरं. पण वजनाचं सगळं खापर तिच्यावर फोडावं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. गोळी मात्र साधारण पाच ते दहा वर्षं, न चुकता घ्यायची असते आणि आजार परत येण्याची शक्यता ती खरोखर कमी करते. त्याच दिवशी त्यांना परत ऑन्कॉलॉजिस्टकडे, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. माझ्या मते त्या भेटीतलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. वजनाचं नंतर बघता आलं असतं.

मग व्यायाम. इथे दुसरी भीती आडवी आली. काखेतल्या गाठी काढल्या होत्या, तेव्हा कुणीतरी ‘सूज येईल, या हाताने जड उचलू नका’ म्हणून बजावलं होतं. ताई त्या हाताने डबाही उचलत नव्हत्या. पूर्वी असा सल्ला सर्रास दिला जायचा. पण 2009 साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्या बायकांची हाताची सूज त्यामुळे वाढली नाही. ‘देखरेखीखाली’ आणि ‘हळूहळू’ हे दोन शब्द मात्र गाळायचे नाहीत. किमोतल्या लाल औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून डॉक्टरांनी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) बघितला, थायरॉइड तपासला, हिमोग्लोबिन पाहिलं आणि मग फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्याने आणि अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्यांनी झाली. तळपायाला मुंग्या यायच्या, म्हणून चालणं सपाट रस्त्यावर आणि बंद बुटांत. गाठायचं होतं ते आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. पहिले काही आठवडे दहा मिनिटांत धाप लागायची.

आहारतज्ज्ञांनी उपासमार सांगितली नाही. यूट्यूब बघून आठवडाभर नुसत्या सॅलडवर राहण्याचा बेत ताईंनी आखला होता, तो आम्ही मोडला. अशाने काट्यावर किलो घटतात, पण त्यात स्नायूही जातात. लाडू सणावारापुरता राहिला. सकाळी मुगाची उसळ किंवा अंडी, जेवणात भाताच्या मुदीपेक्षा आमटीची वाटी मोठी. उसळीचं खातं सासूबाईंकडे दिलं. खाऊ घालायचा त्यांचा हक्क काढून घेतला असता, तर त्या घरात काहीच टिकलं नसतं.

धडकीसाठी आम्ही लेखी करार केला. वजन महिन्यातून एकदाच बघायचं. चालून, खाणं बदलून महिन्याला किलो-दीड किलो उतरला तर तो कमावलेला आहे, त्याला घाबरायचं नाही. पण काही न करता वजन घसरलं, भूक मेली, हाडात एकाच जागी दुखत राहिलं, खोकला हटेना किंवा हात जड वाटून बांगडी रुतायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन. भीती त्यामुळे गेली असं नाही. कशाला घाबरायचं, एवढं मात्र ठरलं.

आठ महिन्यांत चार किलो उतरले. ‘फक्त चारच?’ असं त्यांच्या बहिणीने फोनवर विचारलं म्हणे. मला त्या चार किलोंपेक्षा दुसरी नोंद महत्त्वाची वाटते: ताई पुन्हा जमिनीवर बसून वह्या तपासतात. आजाराआधी रोज सकाळी अजिंक्यतारा किल्ल्यावर जायच्या. आता शनिवार-रविवार निम्म्या वाटेपर्यंत जातात. वरपर्यंत कधी जाऊ, हे फिजिओला विचारून सांगते म्हणाल्या, कारण त्यांना ते दिवाळीच्या सुट्टीत हवंय.