हरणासाठी स्वस्तातले बाण कुठले घ्यावेत

भावा, पहिल्याच सीझनला डझनामागे दोनशे डॉलर घालवू नकोस. इथे टेक्सासमध्ये व्हाइटटेल हरणावर वीस यार्डांवरूनच मारायचंय ना, मग ०.००६ इंच सरळपणाचे (म्हणजे वाक फार तर तेवढाच) कार्बन बाण मस्त चालतात, ०.००१ वाल्यातला फरक तुला-मला कळणार पण नाही. पैसे तिथे वाचव, स्पाइनमध्ये, म्हणजे बाणाच्या कडकपणात, नको. स्पाइनचा आकडा जितका छोटा तितका बाण कडक, हे उलटं आहे म्हणून सगळे फसतात, मी पण फसलोय, ओढायला ७० पाउंड जोर लागणाऱ्या कंपाउंड (चाकवाल्या) धनुष्याला सेलमधले ५०० स्पाइनचे आणले आणि ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, लावल्यावर एक धड जाईना. तुझं धनुष्य ६० पाउंडाचं आणि बाण २८ इंची असेल तर ४०० स्पाइनच्या आसपास बघ, कंपनीचा चार्ट फुकटच असतो. टोकासकट बाणाचं वजन ४०० ग्रेन (बाणाच्या वजनाचं छोटं माप) धर, धनुष्याच्या दर पाउंडाला ५ ग्रेनच्या खाली गेलास तर धनुष्याची वाट लागते. सहाच घे पण सगळे सारखे. आणि प्रत्येक वेळी सोडायच्या आधी बाण कानाजवळ धरून हलकासा वाकवून बघ, करकर आली की सरळ कचऱ्यात, तडा गेलेला कार्बन सुटताना फुटला तर हातात घुसतो.