फ्री-फ्लो सायलेन्सर बसवल्यानंतर पेटणारा चेक इंजिनचा दिवा

आपण कळवलेली हकिगत थोडक्यात अशी आहे. २०२३ मध्ये घेतलेली, बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यातली ३५० सीसीची एकसिलिंडर मोटारसायकल आहे, तिला नाना पेठेतून आणलेला फ्री-फ्लो (धुराला कमी अडथळा करणारा) सायलेन्सर बेंड पाईपसकट, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या पाईपसकट, बसवला आणि दुसऱ्या दिवशी चेक इंजिनचा दिवा लागला. मेस्त्रींनी बॅटरीची तार काढून दिवा घालवला, पण दोन दिवसांनी कात्रजच्या घाटातून परतताना तो पुन्हा लागला, आणि आता ‘ईसीयू रीमॅप करून घ्या, नाहीतर इंजिन जळेल’ असा सल्ला मिळाला आहे. (ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, आणि रीमॅप म्हणजे त्यातले पेट्रोलचे तक्ते बदलणे.) माझे मत आधीच सांगतो: कोड, म्हणजे ईसीयूने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, वाचून घेतल्याशिवाय रीमॅपवर एक रुपयाही खर्च करू नये.

कारण असे की, गाडीला कोणता सायलेन्सर लावला आहे हे ईसीयूला कळण्याची सोयच नसते. ‘बॅक प्रेशर कमी झाल्यामुळे दिवा लागतो’ हे वाक्य पुण्यातल्या निम्म्या गॅरेजांमध्ये ऐकायला मिळते, पण आपल्या प्रकारच्या गाडीत बॅक प्रेशर, म्हणजे एक्झॉस्टमधला उलटा दाब, मोजणारा सेन्सर नसतो. एक्झॉस्टच्या बाजूने ईसीयूला जे काही समजते ते धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरमार्फतच समजते. त्यामुळे केवळ मागचा मफलर बदलला, म्हणजेच स्लिप-ऑन बसवला, तर दिवा सहसा लागत नाही. बेंड पाईप बदलला की मात्र सेन्सरची जागा, त्याचे पॅकिंग, त्याची वायर आणि बहुतेक गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) सुद्धा, अशा चार गोष्टींना एकाच दिवशी हात लागतो. आपला दोष या चारांपैकी कुठेतरी असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

दिवा केव्हा परत लागला, ही आपल्या हकिगतीतली सर्वांत उपयोगी माहिती आहे. सेन्सरच्या आतल्या हीटरची तार तुटली असेल किंवा कपलर नीट बसला नसेल, तर ईसीयूला ते गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात कळते, आणि बॅटरी काढून घालवलेला दिवा त्याच दिवशी परत येतो. मिश्रणाचे किंवा कॅटचे दोष मात्र इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आणि काही वेळ स्थिर वेगाने चालल्यावरच तपासले जातात, आणि असे बरेच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये आढळल्याखेरीज दिवा पेटवला जात नाही. आपला दिवा दोन दिवस शांत राहून घाटानंतर लागला, त्यावरून तुटलेल्या तारेपेक्षा गळती किंवा कॅट यांच्याकडे माझा संशय जास्त जातो. अर्थात हा संशय आहे; निदान कोड वाचल्यावरच होईल. यापुढे बॅटरीची तार काढू नये हेही सांगून ठेवतो, कारण बऱ्याच गाड्यांत कोडबरोबरच दोष नोंदला गेला त्या क्षणीचे इंजिनचे आरपीएम, तापमान आणि भार यांची साठवलेली नोंदही त्यामुळे पुसली जाते.

कोड वाचणे अवघड नाही. अनेक बीएस-६ मोटारसायकलींत सीटखाली सहा पिनांचा निदान-कपलर असतो. त्याला सोळा पिनांमध्ये बदलणारी छोटी केबल आणि ब्लूटूथचा साधा ओबीडी (गाडीतले दोष वाचणारा) स्कॅनर मिळाला की मोबाईलवर कोड दिसतो. पी-०१३१ म्हणजे पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज सतत कमी असणे, पी-०१३५ म्हणजे त्याच सेन्सरच्या हीटरचा दोष, पी-०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे असा ईसीयूचा समज, आणि पी-०४२० म्हणजे कॅटची कार्यक्षमता मर्यादेखाली जाणे. आपल्या बाबतीत यांपैकी एखादा निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पी-०१७१ किंवा पी-०१३१ निघाल्यास सर्वांत आधी गळती शोधावी, आणि तीही सेन्सरच्या अलीकडची, म्हणजे सिलिंडर हेड आणि सेन्सर यांच्या मधली. पुष्कळांना वाटते की गळतीतून धूर बाहेर जातो, एवढेच. प्रत्यक्षात एक्झॉस्टमधला दाब सतत वर-खाली होत असतो, विशेषतः एकसिलिंडर इंजिनात, आणि दाब खाली गेला की त्याच फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, ईसीयू समजते की पेट्रोल कमी पडले, आणि ते पेट्रोल वाढवू लागते. मिश्रण खरे तर ठीक असते, पण ईसीयू ते बिघडवत जाते. प्लग काळा पडतो, ॲव्हरेज उतरते, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात, आणि ईसीयूची पेट्रोल वाढवण्याची मर्यादा संपली की दिवा लागतो. या अवस्थेत रीमॅप करून आणखी पेट्रोल वाढवणे म्हणजे दुखणे पोटात असताना गुडघ्याला लेप लावणे होय.

हेडजवळचे पॅकिंग बहुधा दबून बसणाऱ्या धातूच्या कड्याचे असते. ते एकदा दबले की पुन्हा तितकेच घट्ट बसत नाही, म्हणून पाईप उतरवला की नवे पॅकिंग घालावे असा नियम आहे, आणि घाईच्या कामात नेमके हेच टाळले जाते. गळती तपासण्यासाठी रात्रभर थंड राहिलेली गाडी सकाळी सुरू करावी, दुसऱ्या माणसाने हातमोजा घालून जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबून धरावे, आणि हेडचा जोड, पाईपवरचे वेल्डिंग व सेन्सरचा आटा यांवर साबणाचे पाणी सोडावे. जिथे बुडबुडे येतील तिथे फट आहे. जुन्या गळतीजवळ काजळीचा काळा पट्टाही दिसतो. फट बुजवण्यासाठी सिलिकॉन लावू देऊ नका. त्याच्या वाफांनी ऑक्सिजन सेन्सर कायमचा निकामी होऊ शकतो.

जोड घट्ट निघाला तर सेन्सरकडे वळावे. झिर्कोनियाचा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे नव्या पाईपवर त्याची जागा मूळ जागेपेक्षा बरीच मागे गेली असेल, तर मंद वाहतुकीत तो थंड पडतो. हीटर नसलेल्या सेन्सरच्या बाबतीत तर हे हमखास होते. तो पाईपच्या वरच्या अर्ध्या भागात, टोक खाली झुकलेले असे, बसायला हवा. खालून बसवल्यास पाईपमध्ये साचलेले पाणी त्याच्या तापलेल्या सिरॅमिकला तडा घालते. एक वायरचा सेन्सर असेल तर त्याचे अर्थिंग पाईपमधूनच होते, आणि आट्यावर पावडर कोटिंग चढलेले असल्यास ते तुटते. वायर ताणून बांधली आहे का, बेंडला चिकटून वितळली आहे का, कपलरात पाणी शिरले आहे का, हे डोळ्यांनीच पाहता येते. गरम इंजिनवर सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट या दरम्यान सतत वर-खाली होत राहिला पाहिजे. तो एकाच आकड्यावर थिजला असेल तर दोष सेन्सरमध्ये, त्याच्या वायरमध्ये किंवा त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या हवेत आहे. आपल्या गाडीला दोन सेन्सर असून नव्या पाईपला एकाच सेन्सरची जागा असेल, तर दुसरा फ्रेमला केबल-टायने बांधून ठेवलेला नाही ना, हेही पाहावे. हसू येईल, पण हा प्रकार मी पाहिलेला आहे.

पी-०४२० निघाला तर प्रश्न वेगळा आहे. कॅट धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून त्याच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज भरभर बदलतो आणि मागच्याचा जवळपास स्थिर राहतो. कॅटच काढून टाकला की दोन्ही सेन्सर सारखेच नाचू लागतात आणि ईसीयू दिवा लावते. त्या वेळी ते चुकत नसते. यावर सेन्सरखाली स्पेसर घालण्याचा किंवा खोटा सिग्नल देणारा प्लग लावण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो घेऊ नये असे मी सांगेन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ (४) नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कलम १९०(२) नुसार आवाजाचे किंवा धुराचे मानक मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवाना बाळगण्यास तो माणूस अपात्र ठरतो. १७५ सीसीवरील दुचाकीसाठी उत्पादनाच्या वेळची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि कॅट नसलेले बहुतेक फ्री-फ्लो पाईप तिच्या जवळपासही राहत नाहीत. मूळ कॅट राखून केवळ मागचा मफलर बदलणे, किंवा कॅट असलेला पाईप घेणे, हाच यावर टिकणारा इलाज आहे.

रीमॅपला अजिबात अर्थ नाही असे मात्र नाही. स्थिर वेगात ईसीयू सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल कमी-जास्त करते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर ते सेन्सरकडे दुर्लक्ष करून साठवलेल्या तक्त्यावर चालते, आणि मोकळ्या पाईपमुळे तिथे मिश्रण थोडे पातळ पडू शकते. पण ती निराळी बाब आहे आणि तिचा या दिव्याशी सहसा संबंध नसतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल एरवीपेक्षा किती टक्के वाढवते किंवा घटवते तो आकडा, पाहा: शून्याच्या आसपास, दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असेल तर मिश्रण ईसीयूच्या आटोक्यात आहे, अधिक (+) वीस-पंचवीस टक्क्यांकडे गेला असेल तर पुन्हा गळती शोधावी. ई-२० पेट्रोल (वीस टक्के इथेनॉल असलेले) हवेच्या मानाने अधिक लागते, त्यामुळे ई-१० (दहा टक्के इथेनॉल) गृहीत धरून बनवलेल्या गाडीत साधारण चार टक्क्यांची वाढ सायलेन्सर न बदलताही दिसू शकते. तिचा बाऊ करू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे म्हणून असे होते, असेही कोणी सांगेल. तेवढा फरक ईसीयू सहज सांभाळते.

तोपर्यंत दिवा स्थिर पेटत असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर बेताने चालवायला हरकत नाही. इंजिन मिसिंग करत असेल किंवा कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल तर चालवू नका. दुरुस्तीनंतर कोड स्कॅनरने पुसावा आणि गाडी थंड असताना सुरू करून पहाटे कात्रज बायपासवर दहा-पंधरा मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी. स्वारगेट ते हडपसर अशा थांबत-थांबत केलेल्या फेरीत अर्ध्या तपासण्या पूर्णच होत नाहीत.

आणि मूळ बेंड पाईप विकला नसेल तर तो जपून ठेवा. एवढे सगळे करूनही उलगडा झाला नाही, तर नवे पॅकिंग घालून मूळ पाईप आणि मूळ जागेवरचा सेन्सर बसवावा. दिवा गेला तर नवा पाईप दोषी आहे. तरीही तोच कोड परत आला, तर पाईप बदलताना सेन्सर किंवा त्याची वायर दुखावली गेली आहे, आणि शोध तिथून पुढे न्यावा.