मोटर बदलूनही चाक हलेना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या खेपेला सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये छंद म्हणून जुळवलेल्या रोबो-गाड्यांच्या मोटरींविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण ज्यांची पत्रे जागेअभावी घेता आली नाहीत अशा बऱ्याच वाचकांची अडचण तीच आहे.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. सुट्टीत त्याला रोबो-गाडीचे किट आणून दिले. त्यात पिवळ्या रंगाच्या दोन बी. ओ. मोटरी (गिअरबॉक्ससह येणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या), मागे आधाराला एक छोटे चाक, आर्दुइनो उनो (प्रोग्रॅम टाकून चालवायची छोटी संगणकी पाटी), लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर (आर्दुइनोच्या संकेतानुसार मोटरींना वीज सोडणारी पाटी) आणि चार पेन्सिल सेलचा डबा आहे. आर्दुइनोला आम्ही पॉवर बँक जोडतो. महिनाभर गाडी छान चालली. आता जमिनीवर ठेवली की डावे चाक नुसते गुणगुणते. गाडी उचलून चाक बोटाने ढकलले तर फिरू लागते. उजवे चाक मात्र फिरते. मोटर गेली असे समजून नवी आणली, जुन्याच वायरी जोडून बसवली, तरी तीच तऱ्हा. दुकानदार आता ड्रायव्हर बदलायला सांगतो. मधल्या काळात साध्या सेलऐवजी चार्ज होणारे सेल वापरायला लागलो आहोत, त्याचा काही संबंध असेल का? (सांगली)

उत्तर : संबंध आहे, आणि तो बराच मोठा आहे. पण आधी एक विनंती : आणखी काही विकत आणू नका. तुमच्या पत्रातील वर्णन पाहता जुनी मोटर बहुधा चांगलीच होती, आणि ड्रायव्हरही चांगला असण्याची शक्यता अधिक आहे.

मोटर गुणगुणते याचा अर्थ तिच्यापर्यंत वीज पोहोचते आहे. आर्दुइनो वेग कमी-जास्त करण्यासाठी वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो (उनोच्या ५ व ६ क्रमांकाच्या पिनांवर सुमारे ९८० वेळा, बाकीच्या पीडब्ल्यूएम, म्हणजे अशी चालू-बंद वीज देणाऱ्या, पिनांवर सुमारे ४९० वेळा) आणि तोच ताल आपल्याला कानाने ऐकू येतो. वायर पूर्ण तुटलेली असती किंवा ड्रायव्हरची ती बाजू मेलेली असती, तर चाक गप्प बसले असते. म्हणजे वीज येते आहे, पण चाक सुटायला लागणारा जोर तिच्यात नाही. तो जोर कुठे गळतो, एवढाच प्रश्न उरतो.

आता सेलचा हिशेब करू. साधे चार सेल मिळून ६ व्होल्ट देतात. चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चार मिळून ४.८. एल२९८एन ही जुन्या धाटणीची, ट्रान्झिस्टरवर चालणारी चिप आहे आणि ती स्वतःच बरेच व्होल्ट खाते. तिच्या माहितीपत्रकात १ अँपिअर प्रवाहाला १.८ ते ३.२ व्होल्ट इतकी घट दिलेली आहे. सोयीसाठी २ व्होल्ट धरले, तर साध्या सेलवर मोटरीला ४ व्होल्ट मिळत होते आणि आता जेमतेम २.८ मिळतात. ही पिवळी मोटर ३ ते ६ व्होल्टसाठी बनवलेली असते. त्यातच प्रोग्रॅममध्ये वेग २५५ पैकी १५० ठेवलेला असेल, तर सरासरी दीड व्होल्टच्या थोडे वर एवढेच हाती लागते. शिवाय त्या चिपच्या स्वतःच्या मेंदूला किमान ४.५ व्होल्ट लागतात, आणि ड्रायव्हरच्या पाटीवरचा रेग्युलेटर (व्होल्ट ठरावीक ठेवणारा भाग) ४.८ मधून तेवढे व्होल्ट काढू शकत नाही. चार्ज होणारे सेल मुळात वाईट नाहीत. भरपूर प्रवाह देण्याच्या बाबतीत ते साध्या सेलपेक्षा सरसच असतात. फक्त ते चार पुरत नाहीत, सहा लागतात.

मग एकच चाक का अडते? दोन्ही मोटरी उपाशी असताना ज्या बाजूला घर्षण किंवा गळती किंचित जास्त, ती बाजू आधी बसते. उजवे चाकही जेमतेमच फिरत असणार. गाडी सतरंजीवर ठेवून पाहा, बहुधा तेही मान टाकेल. तरीही डावीकडे काहीतरी जास्तीचे आहे हे खरे, आणि ते शोधायला मल्टिमीटरच्याही आधी एक स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

सेल काढा. ड्रायव्हरच्या एका बाजूच्या हिरव्या किंवा निळ्या ठोकळ्यात डाव्या मोटरीच्या दोन वायरी आहेत, समोरच्या बाजूला उजवीच्या. या दोन जोड्यांची अदलाबदल करा आणि बाकी कशालाही हात न लावता गाडी पुन्हा चालवा. आता उजवे चाक अडू लागले, तर दोष ड्रायव्हरच्या त्या बाजूचा किंवा प्रोग्रॅमचा आहे. अजूनही डावेच अडत असेल, तर दोष वायरीपासून चाकापर्यंतच्या टप्प्यात आहे आणि नवा ड्रायव्हर आणून काहीही साधणार नाही. पाच मिनिटांच्या या खटाटोपाने निम्मी गाडी संशयातून बाद होते. दुकानदाराने हे आधी सुचवायला हवे होते, पण ते असो.

माझा अंदाज असा की डावेच अडेल. तसे झाले, तर तुम्ही नव्या मोटरीबरोबर जुन्या ठेवलेल्या दोनच गोष्टींकडे पाहायचे : वायरी आणि स्क्रू.

वायरीचा जोड बाहेरून कितीही घट्ट दिसला तरी तो सोडवून पाहावा. ठोकळ्याच्या स्क्रूखाली तांब्याच्या तारांऐवजी वरचे प्लॅस्टिकच चिमटले गेले आहे, आणि आतल्या एक-दोन तारा कशाबशा टेकल्या आहेत, असे फार वेळा आढळते. चाक हलके वाजत असताना थोडी वीज जाते. जोर लागला की प्रवाह वाढतो आणि त्या दोन तारांतच व्होल्ट जिरतात. प्लॅस्टिक अर्धा सेंटिमीटर सोलून तारा पिळून पुन्हा बसवा. मल्टिमीटर असेल तर वेग २५५ वर ठेवून, चाक बोटांनी क्षणभर दाबून धरून, एकदा ड्रायव्हरच्या स्क्रूंवर आणि एकदा थेट मोटरीच्या, वायर जोडायच्या पत्र्यांवर व्होल्ट मोजा. एकीकडे २.८ आणि दुसरीकडे २ आले, तर मधले ०.८ व्होल्ट वायर गिळते आहे. चाक दोन-तीन सेकंदांहून जास्त अडवून धरू नका, कारण अडलेली मोटर मोकळी फिरणाऱ्या मोटरीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि तापते.

स्क्रूची गोष्ट मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवून शिकलो आहे. ही मोटर दोन लांब स्क्रूंनी सांगाड्याच्या पट्टीला बांधतात आणि ते स्क्रू गिअरबॉक्सच्या प्लॅस्टिकच्या पोटातून आरपार जातात. नट जोरात आवळला की पोट दबते, आतले दात एकमेकांवर रुतून बसतात आणि मोटर अर्धा जोर स्वतःशीच भांडण्यात घालवते. मीही तुमच्यासारखी मोटर बदलली होती आणि नवी मोटर तितक्याच उत्साहाने आवळली होती. अर्थातच तीही अडली. अखेर कंटाळून नट काढून मोटर हातात धरली, तर ती भिंगरीसारखी फिरली. नट बोटाने लागेल तेवढाच लावून पान्याने पाव फेरा द्यावा. सुटून पडेल अशी भीती वाटत असेल, तर आवळण्यापेक्षा नटावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकावा.

हे सगळे तपासूनही चाक दर वेळी हाताने ढकलावेच लागत असेल, तर मात्र मोटरीवर संशय घ्यायला हरकत नाही. या मोटरींच्या गिअरचे प्रमाण बहुधा १:४८ असते, म्हणजे चाक साडेसात अंश सरकले की आतला गाभा पूर्ण एक फेरा घेतो. मोटरीच्या वायरी सोडवून तिच्या पत्र्यांना मल्टिमीटर ओहमवर लावा आणि चाक अगदी सावकाश सरकवा. आकडा थोडा हलत राहणे स्वाभाविक आहे. पण काही ओहमांवरून तो मध्येच एकदम अमर्याद होत असेल, तर गाभ्याला वीज पोहोचवणारे आतले ब्रश त्या जागी टेकत नाहीत. मग मोटर बदला. जुनी मोटर टाकून दिली नसेल, तर हीच परीक्षा तिचीही घ्या. ती उत्तीर्ण झाली तर सुटा भाग म्हणून उपयोगी पडेल.

आणि सहा सेलचा डबा आणा, ही या उत्तरातील एकमेव खरेदी. लिथियमचे १८६५० या आकाराचे दोन सेलही चालतात, पण ते पूर्ण भरलेले असताना ८.४ व्होल्ट देतात आणि शॉर्ट झाल्यास धोकादायक ठरतात. आठवीतल्या मुलाच्या हाती मी ते एकट्याने देणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी अडथळा टाळणारी गाडी केली आहे. मोटरी व्यवस्थित चालत होत्या. अंतर मोजणारा सेन्सर डावी-उजवीकडे वळावा म्हणून त्याखाली सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर) बसवला, आणि त्या दिवसापासून उजवी मोटर बंद पडली. चमत्कारिक म्हणजे वेग २५५ दिला तर ती पूर्ण जोमाने फिरते, २०० दिला तर अजिबात नाही. वायरी तीनदा तपासल्या. उजव्या मोटरीचा वेग १० क्रमांकाच्या पिनवरून देतो. (ठाणे)

उत्तर : शेवटच्या वाक्यात तुम्ही उत्तर लिहून दिले आहे. उनोवर सर्वोची लायब्ररी (सर्वो चालवणारा तयार प्रोग्रॅम) ‘टायमर १’ हे अंतर्गत घड्याळ स्वतःकडे घेते, आणि ९ व १० या पिनांवरचे पीडब्ल्यूएम नेमके त्याच घड्याळावर चालते. सर्वो जोडला की या दोन पिनांची वेग देण्याची सोय संपते, मग सर्वो कोणत्याही पिनवर असो. २०० लिहिल्यावर घड्याळ त्या पिनला एकदा खाली ओढते आणि पुन्हा वर उचलत नाही, म्हणून मोटर निपचित पडते. २५५ हा अपवाद आहे, कारण त्या आकड्याला आर्दुइनो पीडब्ल्यूएमच्या वाटेला न जाता पिन सरळ चालू करून मोकळा होतो.

वेगाची वायर ५ किंवा ६ वर हलवा आणि प्रोग्रॅममध्ये तेवढा आकडा बदला. याच प्रकारचा आणखी एक खड्डा पुढे आहे : मुले उत्साहाने भोंगा लावतील, आणि आवाज काढणारी ‘टोन’ ही आज्ञा ३ व ११ या पिनांच्या पीडब्ल्यूएममध्ये ढवळाढवळ करते. म्हणून दोन्ही मोटरींचा वेग ५ आणि ६ वरच ठेवलेला बरा.

वर्गात सांगण्यासारखी गोष्ट अशी की येथे एकही भाग बिघडलेला नव्हता. “कालपर्यंत चालत होते, मग काल काय बदलले?” हा प्रश्न मुलांनी स्वतःला विचारला असता, तर वायरी तीनदा तपासण्याची वेळ आली नसती.

प्रश्न : मोटरीला वायर जोडायची तांब्याची पातळ पट्टी हलवताना मुळापासून तुटली. ती पुन्हा बसवता येईल का? (रत्नागिरी)

उत्तर : पट्टीचा दोन मिलिमीटरचा बुंधा जरी शिल्लक असेल, तरी तो पॉलिश पेपरने घासून त्यावर सोल्डर करता येईल, मात्र सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंदांत उचलावी, नाहीतर पट्टी ज्या प्लॅस्टिकमध्ये रोवली आहे तेच वितळते आणि आतला ब्रश वाकडा होतो. बुंधाच उरला नसेल तर नाद सोडा. पुढच्या मोटरीला वायर सोल्डर केल्यावर ती मोटरीच्या अंगावर आडवी घेऊन गरम गोंदाने चिकटवा, म्हणजे ओढ पट्टीवर न येता गोंदावर येईल.

प्रश्न : गाडी पुढे जाताना ठीक चालते. रिमोटवर एकदम मागे जाण्याचे बटण दाबले की आर्दुइनोवरचे दिवे क्षणभर विझतात आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू होतो. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर सगळे चालते. मोटर आतून शॉर्ट आहे का? (नागपूर)

उत्तर : मोटर शॉर्ट असती तर पुढे जातानाही हेच झाले असते. फिरणारी मोटर स्वतःही थोडी वीज तयार करत असते. दिशा एकाएकी उलटवली की ती वीज बॅटरीच्या विजेत मिळते, आणि क्षणभर अडलेल्या मोटरीपेक्षाही जास्त, जवळजवळ दुपटीपर्यंत प्रवाह ओढला जातो. चौकोनी बॅटरी रिमोट किंवा घड्याळ अशा थोडक्यात भागवणाऱ्या उपकरणांसाठी असते. तिचा अंतर्गत रोध मोठा असल्याने एवढी मागणी आली की तिचे व्होल्ट कोसळतात आणि आर्दुइनो बेशुद्ध पडतो.

प्रोग्रॅममध्ये दिशा बदलण्यापूर्वी मोटरी थांबवून २०० मिलिसेकंद जाऊ द्या. एवढ्यानेच बहुतेक वेळा काम भागते. मोटरींना सहा सेलचा वेगळा डबा द्या आणि चौकोनी बॅटरी ठेवायचीच असेल तर फक्त आर्दुइनोला ठेवा, मात्र दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडायला विसरू नका, नाहीतर ड्रायव्हरला आर्दुइनोचे संकेत कळणारच नाहीत. प्रत्येक मोटरीच्या दोन पट्ट्यांमध्ये ‘१०४’ छापलेला चकतीसारखा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. ब्रशच्या ठिणग्यांनी होणारा विद्युत गोंधळ तो जागीच शोषतो. त्याला उलट-सुलट बाजू नसते, तेव्हा कोणता पाय कुठे, याची चिंता नको.